विश्वासाने तारण की कृतीने? रमाबाईंच्या आठ वर्षांचे काय करायचे?

केडगाव_पॅसेंजर

पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेले आत्मनिवेदन नुकतेच पुन्हा वाचले आणि एका परिच्छेदापाशी अडकलो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण खुद्द ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हे त्यांनी कोणतीही सारवासारव न करता लिहिले आहे. बाह्य धर्माचरणावर आपली भिस्त होती, असा एकूण आशय आहे.

आता या आठ वर्षांत बाई स्वस्थ बसल्या होत्या काय? अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी निधी उभा केला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले आणि ज्या बालविधवांना घरात अपशकुनी मानले जात होते त्यांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ‘क्रियांवाचून विश्वास निर्जीव’ असे म्हटले आहे. ती कसोटी लावली तर याहून जिवंत विश्वास कोणता असेल? उलट प्रेषित पौलाची, म्हणजे माणूस कर्मांनी नव्हे तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो ही कसोटी लावली, तर तारणाच्या, म्हणजे पापमुक्तीच्या हिशेबात हे सगळे काम शून्य ठरते काय?

मी स्वतः ख्रिस्ती नाही. प्रश्न मात्र सर्वांना आहे. चर्चा धर्मांतराच्या नेहमीच्या वादाकडे नेऊ नये, ही विनंती. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कधीच बंद पडत नाहीत.

नगरी_उपासक

आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेतील मुलांनाही इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे व नववे वचन पाठ असते. तारण कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचे दान आहे, ते कर्मांनी मिळवलेले नाही आणि म्हणून कोणी बढाई मारू नये, असा त्याचा अर्थ आहे. रमाबाईंना जे उमगले ते हेच. त्यांची कामे चांगलीच होती, परंतु ती कामे हातात घेऊन देवापुढे हक्काने उभे राहता येत नाही.

पुढचे दहावे वचन आमच्याकडे फारसे कोणी पाठ करून घेत नाही, ही आमची उणीव मी मान्य करतो. आपण सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण केलेले आहोत, असे तिथे लगेच म्हटले आहे. म्हणजे सत्कृत्य हे फळ आहे, मोबदल्यासाठी मोजलेले नाणे नव्हे. येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या चोराने ना बाप्तिस्मा घेतला होता, ना दानधर्म केला होता, तरीही ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन त्याला मिळाले.

तिरकस_मामा

त्या चोराचे उदाहरण सर्वांना आवडते, कारण त्याला सोमवारी पुन्हा कामावर जायचे नव्हते.

वसईची_वाडी

मामांच्या विनोदात आम्हा कॅथलिकांचा निम्मा युक्तिवाद आला. ज्याला सोमवार, मंगळवार आणि पुढची चाळीस वर्षे जगायची आहेत त्याच्या विश्वासाचे काय, हा आमचा प्रश्न असतो.

नगरी_उपासक यांचा प्रतिसाद वाचताना, कॅथलिक म्हणजे कामे मोजून स्वर्ग विकत घेणारे, असा एक जुना समज मागे उभा असल्यासारखे वाटले. त्यांनी तसे लिहिलेले नाही, पण मी तो लहानपणापासून ऐकत आलो आहे. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ च्या जानेवारीत या विषयावर जो निर्णय दिला, त्यातील पहिलेच कलम ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याला बहिष्कृत करते. नीतिमान ठरण्यापूर्वीची कोणतीही गोष्ट, मग तो विश्वास असो वा कृती, त्या कृपेची ‘कमाई’ करू शकत नाही, असेही त्याच निर्णयात आहे. परिषदेचा आक्षेप होता तो माणसाच्या सहकार्याची काहीच गरज नाही, या म्हणण्याला.

आता घरचे सांगतो. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाणारे, सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहणारे आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस सोडणारे असंख्य लोक माझ्या नात्यागोत्यात आहेत. त्यांतील काहींच्या मनात हा सरळ व्यवहार असतो: मी मेणाचा पाय वाहतो, तू माझा पाय बरा कर. पण माझी आई उपवासकाळात वाचवलेले पैसे पाकिटात घालून धर्मग्रामातील गरजूंसाठी देत असे आणि त्याविषयी कधी बोलत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ‘बाह्य कृती’च दिसतील. म्हणून रमाबाईंच्या आठ वर्षांना शून्य म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

गोदाकाठ

मी वारकरी घरातली. हा वाद आम्हाला मुळीच परका नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत याच प्रश्नावरून दोन पंथ झाले. वडगलै म्हणतात की भक्ताने माकडाच्या पिलासारखे आईला घट्ट धरून ठेवले पाहिजे, आणि तेंगलै म्हणतात की मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करायचे नसते. नगरी_उपासक मांजरीच्या बाजूचे आणि वसईची_वाडी माकडाच्या बाजूचे, असे मला वाटले. दोघांनी राग मानू नये.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्याच तुकोबांनी एकीकडे नुसत्या टिळेमाळांवर कोरडे ओढले आणि दुसरीकडे ‘बोले तैसा चाले त्याची वंदावी पाउले’ असे म्हटले.

वसईची_वाडी

ताई, राग कसला? फक्त आमचे माकडही असे मानते की त्याच्या हातांतले बळ आईच्या दुधातूनच आलेले आहे.

नगरी_उपासक

आणि आमच्या मांजरीचे पिलू मोठे झाल्यावर उंदीर पकडते. गोदाकाठताई, टिळकांविषयी एक भर घालतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. बाह्य विधीविषयी इतकी मोकळीक आमच्या अनेक मंडळ्यांना आजही झेपणार नाही.

बव्हेरियातला_बंडू

मी काही वर्षांपासून आउग्सबुर्गच्या जवळ राहतो. या वादाचा आरंभ आणि समेट, दोन्हींशी त्या गावाचा संबंध आहे.

१५३० मध्ये प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरच्या अनुयायांनी सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे आपला विश्वासनामा मांडला तो तेथेच. त्यातील विसावे कलम, आमचे लोक सत्कृत्यांना मनाई करतात हा आरोप खोटा आहे, अशा तक्रारीनेच सुरू होते. म्हणजे हा गैरसमज त्या काळीही इतका पसरलेला होता की खुलासा अधिकृत दस्तऐवजात घालावा लागला. याकोबाचे पत्र लूथरला आवडत नसे. १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीचे पत्र म्हटले आणि पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य गाळले. परंतु त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याने लिहिले की विश्वास ही सतत धडपडणारी, कामसू गोष्ट आहे, आणि अग्नीपासून उष्णता व प्रकाश जसे वेगळे काढता येत नाहीत तशी विश्वासापासून कृती वेगळी काढता येत नाही.

मग ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी त्याच आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक लूथरन महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, हे दोघांनी एकत्र मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सहभागी झाल्या. सगळे गोड झाले असे मात्र नाही. जर्मनीतील शंभराहून अधिक प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी आधीच निषेध नोंदवला होता.

तिरकस_मामा

म्हणजे लूथरच्या १५१७ मधल्या बंडापासून १९९९ पर्यंत भांडून निष्कर्ष असा की दोघेही साधारण तेच म्हणत होते. आमच्या सोसायटीच्या सभेत हे दोन तासांत होते.

निरीश्वर_नाना

मी बाहेरचा असल्यामुळे स्पष्ट लिहितो. तारण कशाने होते हा प्रश्न माझ्यासाठी अस्तित्वातच नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने शारदा सदन हेच एकमेव सत्य आहे. मुलगी शिकली, एवढे पुरे. त्या मुलींना शिकवणाऱ्या बाईंना आतून काय वाटत होते याने मुलींचे व्याकरण बिघडले नाही.

परंतु मिशनऱ्यांच्या सत्कृत्यांविषयी एक रास्त शंका होतीच. १८७६ ते ७८ आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांत नगर भागात जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, त्यांना विश्वासाने बोलावले की धान्याने, असे तेव्हाही विचारले जात होते आणि आजही विचारले जाते. सत्कृत्य जर विश्वासाचे फळ असेल, तर त्या फळाचे आमिष करणे हा त्या फळाचाच अपमान नव्हे काय?

केडगाव_पॅसेंजर

नाना, मी विनंती केली होती. तरीही शंका विषयाला धरून आहे, म्हणून राहू द्या.

जालन्याची_मीरा

नानांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा हक्क माझ्या घराण्याला आहे, कारण ‘धान्याने बोलावलेले’ म्हणजे आम्हीच. माझ्या आजीचे पूर्वज मांग समाजाचे. दुष्काळात खडी फोडायला गेले आणि पुढे ख्रिस्ती झाले, एवढेच घरात सांगितले जाते. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्यांना कोणीतरी जवळ बसवून जेवू घातले, तर ते नुसते धान्य होते की तीच सुवार्ता होती, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या घरी कणगी भरलेली होती त्यांना नाही. रमाबाईंच्याच बाबतीत पाहा. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांना सांभाळतात हे त्यांनी पाहिले, आणि हे तुम्ही कशामुळे करता असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. तिथून त्यांचे मन वळले. संस्कृत शास्त्रे कोळून प्यालेल्या पंडितेलाही आधी कृती दिसली आणि मग विश्वास. तिला कोणी आमिषाला भुलली म्हणत नाही.

आता विश्वासणाऱ्यांना विचारते. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सर्वजण चौदाव्या वचनापासून उद्धृत करतात. तो सुरू कुठून होतो, हे या धाग्यावर अजून कोणी सांगितले नाही. तो बसण्याच्या जागेपासून सुरू होतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला चांगली जागा देता आणि मळकट कपड्यांतल्या गरिबाला उभे राहा किंवा माझ्या पायांपाशी बस म्हणता, असे याकोब सुनावतो, आणि त्याच ओघात पुढे क्रियांवाचून विश्वास निर्जीव असल्याचे म्हणतो. त्याच्या मनातली ‘कृती’ मेणबत्ती किंवा उपवास नव्हती. कोणाला कुठे बसवता, ही होती. आमच्या मंडळ्यांत आज कोणाला खाली बसवत नाहीत. पण लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ असे हळूच विचारतात, आणि विचारणारे रविवारी माझ्याच शेजारी बसून कृपेची गीते गातात.

नगरी_उपासक

मीराताई, आमच्या घरातही हे विचारले जाते. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात विचारले गेले होते.

हिब्रू_ग्रीक_हौशी

मीराताईंनी जिथे बोट ठेवले तिथून थोडे पुढे जातो. पौल आणि याकोब एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात. पौल सांगतो की अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तोच त्याला नीतिमत्त्व असा मोजण्यात आला. याकोब सांगतो की इसहाकाला वेदीवर अर्पण करायला निघाला तेव्हा तो विश्वास पूर्ण झाला. त्यामुळे विरोध उघड दिसतो.

पण पौलाचा सिद्धान्त कोणत्या प्रसंगातून बाहेर पडला ते पाहू. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातील एक भांडण आहे. येशूचा शिष्य पेत्र तेथे सुंता न झालेल्या परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंगतीला जेवत असे. मग याकोबाकडून काही माणसे आली, आणि त्यांच्या भीतीने पेत्र पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. त्याचे पाहून पौलाचा सहकारी बर्णबाही गेला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला खडसावले, आणि त्या हकिकतीला जोडूनच ते प्रसिद्ध वाक्य येते की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो. म्हणजे ‘केवळ विश्वास’ या सिद्धान्ताचा जन्म महाराष्ट्राला चांगल्याच ठाऊक असलेल्या गोष्टीतून झाला आहे, ती म्हणजे पंक्तिभेद.

तेव्हा पौल ज्या ‘कर्मां’वर तुटून पडतो ती प्रथमतः सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि सण पाळणे, अशी माणसांमाणसांत कुंपण घालणारी कर्मे आहेत. याकोब ज्या ‘क्रियां’चा आग्रह धरतो त्या असे कुंपण मोडणाऱ्या आहेत. पौलाचे सगळे म्हणणे एवढ्यात मावत नाही. रोमकरांस पत्रात तो बढाईचा मुद्दा फार खोलवर नेतो, आणि नगरी_उपासक यांचा आग्रह तिथे बरोबर आहे. तरीही दोघांना दोन टोकांवर बसवताना दोघांचीही सुरुवात बसण्या-जेवण्याच्या जागेवरून झाली, हे आपण विसरतो. पेत्राला बिचकवणारी माणसे ‘याकोबाकडून’ आली होती आणि परंपरा हे पत्र त्याच याकोबाच्या नावावर टाकते, ही त्यातली आणखी एक गंमत.

गोदाकाठ

हे मी पहिल्यांदाच वाचले. नाथांनी श्राद्धाचे अन्न कोणाला वाढले, ही कथा आठवली.

बव्हेरियातला_बंडू

यावरून डीट्रिख बोनहॉफर आठवतो. १९३७ मध्ये, म्हणजे जर्मन चर्चचा मोठा भाग हिटलरपुढे वाकला असताना, या लूथरन धर्मशास्त्र्याने ‘स्वस्त कृपे’वर हल्ला चढवला: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा. जो विश्वास ठेवतो तोच आज्ञा पाळतो आणि जो आज्ञा पाळतो तोच विश्वास ठेवतो, या दोन्ही वाक्यांना एकाच वेळी धरून राहावे, असे त्याचे म्हणणे होते. यहूदी वंशाच्या पाळकांना चर्चमधून दूर करावे असा आग्रह नाझीधार्जिणे ख्रिस्ती धरत होते. पुन्हा प्रश्न कोणी कुठे बसायचे हाच! ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली.

निरीश्वर_नाना

मीराताईंचे उत्तर मला पटले नाही, पण ते निरुत्तर करणारे आहे, हे कबूल. आता उलट बाजूचे एक उदाहरण देतो. मदर तेरेसांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत वर्षानुवर्षे देव जाणवतच नसल्याची वेदना आहे, आणि त्याच वर्षांत कोलकात्यात त्यांचे काम अखंड चालू होते. २०१६ मध्ये त्यांना संतपद दिले गेले. इथे ‘आतला विश्वास’ कुठे शोधायचा?

वसईची_वाडी

नाना, तो विश्वास त्या कामातच शोधावा लागेल. काही जाणवत नसतानाही पहाटे उठून प्रार्थनेला बसणे आणि नंतर मरणाऱ्या माणसाची जखम धुणे, याला मी विश्वासच म्हणतो. भावना आणि विश्वास एक नव्हेत. माझा नगरी_उपासक यांना प्रश्न आहे: रमाबाईंना १८९१ मध्ये जे मिळाले ते तारण होते की तारणाची जाणीव?

केडगाव_पॅसेंजर

वाडी यांनी माझा मूळ प्रश्न अधिक नेमका केला. हौशींचा मुद्दा वाचून मी रमाबाईंकडे पुन्हा गेलो. पुण्याच्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांना त्यांचे सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र बाई मध्य प्रांतात गेल्या, सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे जातीची चौकशी करून पान वाढण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढे ‘पतित’ स्त्रियांसाठी कृपा सदनही निघाले. म्हणजे १८९१ च्या आधी कुंपणाच्या आत राहून केलेले सत्कार्य आणि नंतर कुंपण मोडून केलेले सत्कार्य, अशी रेघ ओढता येईल काय?

जालन्याची_मीरा

इतकी सरळ रेघ ओढू नका. सोवळ्याची मुभा हा सदनाला आधार देणाऱ्या हिंदू पुढाऱ्यांना दिलेल्या शब्दाचा भाग होता. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळात होते, आणि मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात या कारणाने १८९३ मध्ये ते बाहेर पडले. दिलेला शब्द पाळणे हीही कृतीच. दुष्काळातल्या उपाशी मुलींच्या बाबतीत असा शब्द कोणी मागितला नव्हता, कारण त्यांच्या जातीची काळजी करणारे कोणी उरलेच नव्हते.

नगरी_उपासक

वाडी यांच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘तारण’ असे आहे, आणि तुम्हा सर्वांचे ऐकूनही मी त्यावर ठाम आहे. आपण सगळे त्या बाईंच्या वतीने त्यांच्या आठ वर्षांची वकिली करत आहोत, आणि ती त्यांनी मागितलेली नाही. कोणाचे काम कमी होते म्हणून त्यांनी ते वाक्य लिहिलेले नाही. देवापुढे काय घेऊन उभे राहायचे याविषयी ते आहे, आणि तिथे शारदा सदन घेऊन जायला त्यांनी स्वतः नकार दिला. त्या नकाराला जाणीव म्हणून सौम्य करणे मला पटत नाही. मुलींच्या दृष्टीने सदनाची किंमत तिळभरही कमी होत नाही, हे नानांचे म्हणणे मला मान्य आहे. पण हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांतले आहेत, आणि पहिली वही आपल्याजवळ नाही.

वसईची_वाडी

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा ती पहिली वही उघडतो, तेव्हा तिच्यात नेमकी दुसऱ्या वहीतलीच नोंद निघते: मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले. शिवाय उजवीकडचे लोक चकित होऊन विचारतात की प्रभू, तुला आम्ही कधी भुकेला पाहिले? आपण काही नोंदले आहे, हेच त्यांना माहीत नसते. रमाबाईंचा नकार मी त्यांच्या रांगेत धरतो. तुम्ही कोणत्या रांगेत धराल?

नगरी_उपासक

त्याच रांगेत. पण ते लोक चकित झाले ते कामांवर भिस्त नसल्यामुळेच, असे मी म्हणेन, आणि तुम्ही पुन्हा नाही म्हणाल.

वसईची_वाडी

अर्थातच म्हणणार. उपवासकाळ सुरू आहे, त्यामुळे सविस्तर उत्तर ईस्टरनंतर देतो.